उमेदवारी की वेठ?

गेल्या माघात एके दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही घरी येऊन टेकतो न टेकतो तोच आमच्या गावच्या सुतार मिस्त्रींची थोरली मुलगी दारात उभी राहिली. पोर आमच्याच हाताखाली पाटी धरायला शिकलेली. पुढे हायस्कूल झाले, तालुक्याच्या कॉलेजात बी. कॉम. झाले आणि त्या वेळी ती तेथेच एम. कॉम.च्या पहिल्या वर्षात होती. त्यांच्या भावकीत एवढे शिकलेली ती पहिलीच. पिशवीतून एक छापील कागद काढून तिने आमच्यापुढे धरला आणि विचारले, "गुरुजी, ही एकशेवीस तासांची सही कुठं मिळंल?"

आजवर आम्ही दाखल्यांवर सह्या केल्या, हजेरीपटावर केल्या, निवडणुकीच्या कामी तर इतक्या केल्या की अंगठा दिला असता तर बरे झाले असते. पण तासांची सही हा जिन्नस आम्हांस नवा होता. कागद वाचला तेव्हा उलगडा झाला.

ज्यांच्या घरातून अद्याप कोणी कॉलेजाची पायरी चढलेले नाही, त्या आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंसाठी हा प्रकार थोडक्यात सांगितला पाहिजे. २०२० साली केंद्र सरकारने नवे शिक्षण धोरण जाहीर केले. त्यास अनुसरून एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॉलेजातील शिक्षणाचा नवा आराखडा ठरविला. त्यात पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्याच वर्षी 'ऑन जॉब ट्रेनिंग' म्हणून ४ श्रेयांक ठेवले. श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे वजन. एका श्रेयांकास ३० तास, म्हणून चारांचे १२० तास. एवढे तास विद्यार्थ्याने एखाद्या कचेरीत, कारखान्यात किंवा पेढीत प्रत्यक्ष काम करावयाचे, त्याचा अहवाल लिहावयाचा आणि मालकाच्या सही-शिक्क्यानिशी तो कॉलेजात दाखल करावयाचा. पदवीच्या शेवटच्या टप्प्यातही अशीच उमेदवारी ठेवली आहे. ती केल्यावाचून पदवी नाही.

कॉलेजाच्या त्या कागदाखाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. पहिली : कामाची जागा विद्यार्थ्याने स्वतः शोधावी. दुसरी : विद्यावेतन मिळेल किंवा न मिळेल, त्यास महाविद्यालय जबाबदार नाही. वाचकहो, ह्या दोन ओळींवरच आजचे आमचे सारे भांडण आहे.

काम करीत करीत शिकणे ही कल्पना वाईट आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट ती आमच्याच घरची आहे. १८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढे जोतीराव फुल्यांनी लेखी निवेदन दिले. त्यात त्यांनी खेड्यातल्या शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे आणि मुलांस तेथे प्रत्यक्ष धडे द्यावेत, असे मागितले होते. आणखी असेही सांगितले होते की, गावोगावचे शिक्षक शेती करणाऱ्या वर्गातून तयार करावेत; कारण वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरावयास त्यांस लाज वाटणार नाही. १८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी बडोद्यास कलाभवन काढले आणि सुतारकाम, रंगकाम, यंत्रकाम असले हुन्नर देशी भाषेतून व कारखान्यात उभे करून शिकविले. तेव्हा दिल्लीच्या पंडितांनी २०२० साली हा शोध लावला, असे कोणी समजू नये. आमच्या कुंभाराच्या पोराने चाकावर हात ठेवूनच विद्या घेतली; तिला श्रेयांक कोणी दिले नाहीत, इतकेच.

परंतु काम करून शिकणे निराळे आणि शिकण्याच्या नावाखाली फुकट राबविणे निराळे. हा फरक ज्यास समजून घ्यावयाचा असेल त्याने साताऱ्याकडे पाहावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग उघडले. निरनिराळ्या जातींची पोरे एका पंगतीस बसविली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने काढून दिले, मंगळसूत्रदेखील ठेवले नाही. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा 'कमवा आणि शिका' हाच त्याचा पाया धरला. पोरे माती वाहत, दगड फोडीत, शेत पिकवीत आणि कॉलेजात शिकत. कष्ट थोडे नव्हते. आजच्या पोराला सांगितले तर तो पळून जाईल. पण त्या कष्टाचे मोल कोठे जात होते? त्या पोराच्याच ताटात, त्याच्याच फीत, त्याच्याच पुस्तकांत. ज्याच्या बापाजवळ फी नाही त्याला कॉलेजचे दार उघडावे म्हणून ते काम होते. 'कमवा' हा शब्द 'शिका' ह्या शब्दाच्या आधी आला तो काही यमक जुळविण्यासाठी नव्हे.

आता आजचा मासला पाहा. फी आधी भरून घेतली. म्हणजे त्या ४ श्रेयांकांचेही पैसे पोरीने मोजले. आणि काम मात्र फुकट! शिकविणार कोण, तर पेढीचा मालक. पैसे घेणार कोण, तर कॉलेज. राबणार कोण, तर सुताराची लेक. कमवा आणि शिका ह्यातले 'कमवा' मालकाच्या वाट्यास आणि 'शिका' कॉलेजाच्या जमाखर्चास गेले.

तिची सारी हकीकत आम्ही येथे देतो, कारण ती एकटीची नाही.

प्रथम ती तालुक्यातल्या एका कर सल्लागाराकडे गेली. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "रोज यायची गरज नाही. दोन हजार ठेव, सही-शिक्का घेऊन जा." पोर मानी, उठून आली. मग एका बाजारपेठेच्या गावी घाऊक मालाच्या पेढीत ओळखीने जागा मिळाली. रोज ६ तास, एकूण २० दिवस. पहिले चार दिवस चहा आणणे आणि कागदांच्या झेरॉक्स काढणे हेच शिक्षण झाले. पाचव्या दिवशी मालकास कळले की पोरीला टॅलीवर हिशेब लिहिता येतो. ते तिने कॉलेजच्या आधीच पदरचे पैसे मोजून शिकून घेतले होते. मग काय विचारता! वर्षभराची पडून राहिलेली बिले तिच्यापुढे आली. पेढीचा पगारी कारकून त्या पंधरवड्यात सुट्टीवर धाडला गेला, बिनपगारी! म्हणजे एका गरिबाची मजुरी दुसऱ्या गरिबाच्या फुकट कामाने मारली गेली. वीस दिवसांनी तिने भीत भीत प्रवासखर्च विचारला, तर शेटजी म्हणाले, "तुला शिकायला मिळालं हेच काय कमी?" शिकायला मिळाले ते शेटजींस; घाऊक व्यापारात फुकट नोकर कसा मिळवावा, हा धडा त्यांस आयताच मिळाला.

तिच्याच वर्गात एका बड्या व्यापाऱ्याचा मुलगा आहे. त्याच्या चुलत्याची पुण्यास कचेरी आहे. ह्या गृहस्थांनी तेथे पाऊलही टाकले नाही. फायबरच्या फायलीत रंगीत अहवाल घरपोच आला. त्यास तिच्याहून चार मार्क अधिक पडले. हे सांगताना पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हते. ती हसत होती, आणि तेच आम्हांस जास्त लागले.

आता हिशेब. त्या दिवसांत आमच्याकडे शाळूची काढणी असते. बाईमाणसास ३०० रुपये रोज पडतो आणि सुट्टीच्या दिवसांत ही पोर आईबरोबर काढणीस जाते. २० दिवसांचे ६,००० बुडाले. एस. टी.चा पास गाव ते कॉलेज एवढ्याच वाटेचा. पेढी दुसऱ्या वाटेस. २०२३ पासून बायकांस अर्धे तिकीट आहे म्हणून बरे, तरी रोजचे ६० रुपये, म्हणजे १,२००. अहवाल टंकून बांधून घेतला त्याचे ४००. एकूण ७,६०० रुपयांची झळ. एकशेवीस तास राबून मजुरी मिळाली नाही ते नाहीच, वर गाठचे गेले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ते हेच.

मिस्त्री आमच्या ओट्यावर बसून हे ऐकत होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, आमच्याकडं पोऱ्या कामाला ठिवला तर पयल्या दिसापास्नं च्या-भाकरी तरी देतो आपण. हे कंचं शिक्षण म्हणायचं?" आम्हांजवळ उत्तर नव्हते. जुन्या उमेदवारीचे गोडवेही आम्ही गात नाही. त्यात पोराला चोप मिळे, वर्षवर्ष नुसता भुसा भरावयास लावीत आणि रंध्यास हात लावू देत नसत. पण उपाशी ठेवून वर शिकवणीची फी घेण्याची अक्कल आमच्या अडाणी कारागिरांस कधी सुचली नाही.

आणखी एक गंमत पाहा. २०२३ साली केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना काढली. सुतार, लोहार, कुंभार आदी १८ धंद्यांतील कारागिरांस पाच ते सात दिवसांचे प्राथमिक शिक्षण आणि त्या शिक्षणाबद्दल रोज ५०० रुपये विद्यावेतन. म्हणजे पन्नाशीच्या मिस्त्रींस रंधा कसा धरावा हे शिकण्याबद्दल सरकार रोज पाचशे देणार. ते योग्यच आहे, कारण त्या दिवशी त्यांचा रोज बुडतो. मग त्यांच्याच लेकीचा रोज बुडत नाही काय? बापाच्या वेळेला किंमत आहे आणि लेक एम. कॉम. झाली म्हणून तिच्या वेळेची किंमत शून्य?

कोणी म्हणेल, सरकारने तरुणांसाठी पगारी योजनाही काढल्या आहेत, त्या ह्या मास्तरला दिसत नाहीत काय? दिसतात. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्यास ८,०००, पदवीधरास १०,०००. मुदत ६ महिने, पुढे ती ५ महिने वाढविली. त्याच वर्षी केंद्राने पीएम इंटर्नशिप योजना काढली. बड्या ५०० कंपन्यांत १२ महिने काम आणि महिना ५,०००. परंतु दोहोंतही अट अशी ठेवली होती की, उमेदवाराचे पूर्णवेळ शिक्षण चालू असता कामा नये. आता हे नीट ध्यानात घ्या. शिकणे सोडून दिलेस तर काम करताना पैसे देतो. शिकत राहिलीस तर तेच काम फुकट कर, नाही तर पदवी देत नाही! असा न्याय कोणत्या शहाण्याने लिहिला ते आम्हांस कळविले तर आम्ही त्याच्या पाया पडू.

बरे, त्या पगारी योजनांची तरी गत काय झाली? केंद्राच्या योजनेच्या पहिल्या फेरीत सव्वा लाखावर जागा जाहीर झाल्या. संसदेपुढे आलेल्या आकड्यांप्रमाणे प्रत्यक्ष रुजू झाले ते नऊ हजारांच्याही आत. पाच हजारांत पुण्या-मुंबईस खोली, खानावळ आणि लोकल भागविणारा जादूगार सापडला तर त्यास कंपनीत कशास, सर्कशीत धाडावा. राज्याच्या योजनेत आमच्या पंचक्रोशीतील पोरेही होती. त्यांनी कचेऱ्यांत काम केले, शाळांत शिकविले, लोकांनी त्यांस 'साहेब' म्हटले. अकरा महिने भरले आणि हाती दाखला देऊन घरी धाडले. २०२५ साली ती पोरे कायम करा म्हणून रस्त्यावर बसली होती. उमेदवारीच्या पुढची पायरी कोठे आहे हे आधी न सांगता शिडीवर चढविले की असेच होते.

ह्या बाबतीत आम्ही ऐकीव बोलत नाही. आम्ही अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलो ते 'शिक्षणसेवक' होऊन. तीन वर्षे काम पुऱ्या मास्तराचे आणि हाती मानधन. खानावळीचे बिल भागवून गावी आईस पैसे धाडावयाचे म्हणजे नाकी नऊ येत. आमच्या मागून आलेल्यांस प्राथमिक शाळेत कित्येक वर्षे महिना ६,००० वर ठेवले होते. २०२३ साली ते १६,००० झाले, तेही कोर्टाची पायरी चढल्यावर. तरी आम्हांस एक गोष्ट ठाऊक होती : तीन वर्षे संपली की शाळा आमची. त्या आशेवर आम्ही तग धरला. ह्या पोरांपुढे ती आशाही ठेवलेली नाही.

आता कायद्याकडे वळू. कारण आमच्या लोकांस वाटते की मालकाने द्यावे हे त्याच्या मर्जीवर आहे. तसे नाही. १९६१ सालापासून देशात शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. आयटीआयवाल्यांप्रमाणे पदवीधरही त्यात येतात. ३० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने आपल्या माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असा नियम आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवारास महिना किमान ९,००० रुपये ठरविले. मालकावर सारा बोजा पडू नये म्हणून २०१६ पासून केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० पर्यंत, आपल्या तिजोरीतून देण्याची योजना चालवीत आले. कायदा चांगला, पण त्याचे दात कोणी काढले ते पाहा. मूळ कायद्यात नियम मोडणाऱ्या मालकास कैदेचीही शिक्षा होती. २०१४ साली ती काढून टाकली. तिच्या जागी रिकाम्या ठेवलेल्या प्रत्येक जागेमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० आणि पुढे दरमहा १,००० रुपये दंड ठेवला. उमेदवार घ्यावा तर नऊ हजार, न घ्यावा तर एक हजार! ज्यास चौथीचे वजाबाकीचे गणित येते तो मालक कोणती वाट धरील? आणि वरून कॉलेजे त्याच्या दाराशी फुकटची पोरे रांगेने उभी करतात. मग त्याने कायद्याचा उमेदवार कशास घ्यावा? आमचा कॉलेजांवर मुख्य आरोप हाच आहे. ती नुसते आमच्या पोरांस फुकट राबवीत नाहीत. पगारी उमेदवारीचा बाजारभावच पाडतात.

शिकत असता मजुरी देणे म्हणजे काही जगावेगळे मागणे नव्हे. १९०६ साली अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या मास्तराने २७ विद्यार्थ्यांवर हा प्रयोग प्रथम केला. एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात. आणि कारखान्यातल्या कामाची मजुरी रोख. जर्मनीत तर २०२० पासून शिकाऊ पोराचे किमान वेतन कायद्यानेच बांधून दिले. पहिल्या वर्षास महिना ५१५ युरोपासून त्याची सुरुवात झाली. आमच्या धोरणकर्त्यांनी तिकडचे नाव आणले, नमुना आणला, तक्ता आणला. येताना मजुरी मात्र विमानतळावर विसरली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीतच पगारी उमेदवारी गुंफण्याचे नियमही केले आहेत. म्हणजे कॉलेजात नाव असतानाच करार करून विद्यावेतन मिळावे. फार चांगले. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात तशी पदवी नाही. तेथे आहे ते दरसाल एक मार्गदर्शन शिबिर. शहरातून एक कोटवाले गृहस्थ मोटारीने येतात, पडद्यावर चित्रे दाखवितात आणि पोरांस बजावतात की, नोकऱ्या मागणारे होऊ नका, नोकऱ्या देणारे व्हा. उंटावरून शेळ्या हाकणे ह्याहून निराळे काय असते? एकरभर कोरडवाहू जमिनीच्या वाटेकऱ्याने कोणाला नोकरी द्यावी, बैलाला?

मग करावे काय? आमची पहिली मागणी साधी आहे : ज्या कामाची सही पदवीस लागते त्या कामाची मजुरी मिळालीच पाहिजे. मालक देत नसेल तर कॉलेजने त्या ४ श्रेयांकांच्या फीतून द्यावी. कॉलेजाजवळ नसेल तर सरकारने द्यावी. फुकट काम घेणाऱ्या पेढीची सही ग्राह्यच धरू नये. निदान गाव ते काम असा एस. टी.चा पास तरी त्याच दिवशी द्यावा. त्यास कोणते धोरण आडवे येते?

दुसरे असे की, जागा शोधण्याचे काम विद्यार्थ्याचे नव्हे. ज्याचा चुलता पुण्यास आहे त्यास जागा आयती आहे. ज्याचा चुलता शेजारच्या वाफ्यात पाणी पाजीत आहे त्याने कोणाचे दार ठोठवावे? कॉलेजने जागांची यादी वर्षारंभी फलकावर लावावी आणि तीत खेड्यातली कामे घालावी. ह्या पोरीने आधी आमच्याच गावच्या सोसायटीत काम करू द्या म्हणून अर्ज केला होता. २०२२ पासून देशभरच्या ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांचे हिशेब संगणकावर आणण्याची केंद्राची योजना चालू झाली; आमचे सचिव जुनी खतावणी आणि नवा संगणक ह्यांच्या मध्ये बसून घाम पुसत होते. त्यांस मदतनीस पाहिजे होता आणि हिला काम पाहिजे होते. कॉलेजने कळविले की सोसायटी 'मान्य आस्थापनांच्या यादीत' नाही! घाऊक पेढीत चहा नेला तर वाणिज्य शिकले, आणि आठशे खातेदारांच्या कर्जाचा हिशेब लावला तर शिकले नाही! दूध डेअरीत फॅट पाहून पंधरवड्याचे बिल काढणे, ग्रामपंचायतीची घरपट्टी जुळविणे, शेतकरी कंपनीचा माल प्रतवार लावून बाजारात धाडणे, बापाच्या खोपीत घनफुटाने लाकूड मोजून दरवाज्याचा अंदाज काढणे, ही कामे वाणिज्य नव्हेत तर काय कीर्तन आहेत?

येथवर वाचून कोणी बंधू म्हणतील की हा सारा दोष वरच्या लोकांचा. थांबा. पूर्वी असे म्हणता येत असे आणि ते खरेही होते. तेव्हा शाळा दुसऱ्यांच्या, पुस्तके दुसऱ्यांची, परीक्षक दुसरे. आज आमच्या जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजे कोणाची आहेत? आमच्याच जातीगोतातल्या पुढाऱ्यांची. फुले, शाहू, कर्मवीर ह्यांच्या तसबिरी दिवाणखान्यात लावून फी गोळा करणारे हात आमचेच आहेत. आणि बारीक अक्षरांतल्या त्या दोन ओळी छापणारेही आमचेच. ह्याच मंडळींच्या ताब्यात साखर कारखाने आहेत, सूतगिरण्या आहेत, दूध संघ आहेत, बँका आहेत. एका हातात कॉलेज आणि दुसऱ्या हातात कारखाना. मग कॉलेजातल्या पोरास कारखान्यात कायद्याप्रमाणे पगारी उमेदवारी द्यावयास मध्ये कोणता इंग्रज आडवा आला आहे? कारखान्यात ८०० माणसे असतील तर अडीच टक्क्यांनी २० जागा होतात. दरसाल वीस पोरे नऊ-नऊ हजारांवर शिकतील. एवढा खर्च चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाच्या फलकांतून निघेल.

हे कारखाने कोणाच्या मालकीचे आहेत हे आमचे लोक विसरतात. शेअर तुमचा, ऊस तुमचा, कपात तुमच्या बिलातून. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस तुमच्या नावाने येते आणि तुम्ही ती चुलीत घालता. पितृपक्षाच्या आगेमागे ह्या सभा भरतात. तेथे लाडू आणि अहवाल घेऊन परत येण्याऐवजी एक कागद लिहून न्या. त्यात पुढील प्रश्न घाला : १९६१ च्या कायद्याप्रमाणे गेल्या वर्षी आपल्या कारखान्यात किती शिकाऊ उमेदवार घेणे भाग होते? किती घेतले? त्यांत सभासदांची व गावच्या कारागिरांची मुले किती? त्यांस महिना किती रुपये दिले? घेतले नसतील तर दंड किती भरला, आणि तो कोणाच्या पैशातून? प्रश्न तोंडी विचारू नका. तोंडी प्रश्न घोषणांत बुडतो. आठ दिवस आधी कचेरीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ज्यांस लिहिता येत नसेल त्यांनी गावच्या शाळेत यावे. निदान आमच्या शाळेत तरी कागद लिहून मिळेल, त्यास पैसा पडणार नाही.

मिस्त्रींजवळ शेअर नाही. सुताराला ऊस कोठला? पण आमच्या मातोश्रींच्या नावे एक जुना शेअर आहे. तिच्या अंगठ्यानिशी वरील पाच प्रश्न आम्ही कारखान्याच्या कचेरीत नेऊन दिले आहेत. प्रश्नांचा मसुदा मिस्त्रींच्या लेकीनेच टंकून दिला. त्या कामाचे ३०० रुपये आम्ही तिच्या हातावर ठेवले, तेव्हा ती घेईना. आवकेच्या कारकुनाने कागद दोनदा वाचला, आत जाऊन आला आणि मग शिक्का मारला. उत्तर येईल ते जसेच्या तसे ह्याच पत्रात छापावयास धाडू. न आल्यास पोच छापावयास धाडू.